भांग, गांजा, चरस: घेतलेलं, पाहिलेलं, निस्तरलेलं

होळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. एक काका म्हणतात, भांग हा शंकराचा प्रसाद, तिला नशा कसली म्हणता? त्यावर लगेच एक काकू, म्हणजे गांजाच ना तो! दोघांचंही अर्धं बरोबर आहे. झाड एकच. पानं वाटली की भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा, आणि त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ गोळा केली की चरस. अमली पदार्थांवरचा १९८५चा एनडीपीएस कायदा गांजा आणि चरस धरतो, नुसती पानं सोडतो. म्हणून काका खूश. पण राज्यांचे दारूबंदी कायदे वेगळे आहेत आणि महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो, हे काकांच्या गावीही नसतं.

तर मंडळी, आपापले अनुभव लिहा. स्वतः घेतलीच पाहिजे असं नाही. पिकताना पाहिली असेल, कुणाची उतरवायला धावपळ केली असेल, तेही हवं आहे. कुठे आणि कितीला मिळते हे मात्र विचारू नका, सांगूही नका.

बनारसला शिकलेला, आता पुण्यात

बनारसमध्ये ‘सरकारी भांग की दुकान’ अशी राजरोस पाटी पाहिली तेव्हा आमच्यातल्या मराठी पोरांनी आधी फोटो काढले. तिथले जुने लोक मात्र तिच्याकडे औषधाच्या दुकानासारखं बघतात. पानं भिजवायची, पुन्हा पुन्हा धुवायची, मग पाट्यावर मिरीबरोबर इतकी बारीक वाटायची की बोटाला कण लागता कामा नये. त्या हिरव्या लगद्याची गोळी संध्याकाळी पाण्याबरोबर घ्यायची, नावेतून पलीकडच्या वाळूत जायचं, आंघोळ, मालिश, गप्पा. याला ते ‘बहरी अलंग’ म्हणतात. ठंडाई ही सणाची चैन: बदाम, मगज, बडीशेप, गुलाबपाकळ्या, दूध. दूध नुसतं चवीला नसतं. यातला नशेचा अंश पाण्यात जेमतेम विरघळतो, स्निग्धात छान विरघळतो.

मला काय झालं? पाऊण तास काहीच नाही. मग एका मित्राने सांगितलेल्या अगदी सुमार विनोदावर मी गाल दुखेपर्यंत हसलो, आणि रबडीवाल्याकडून उठायला तयार नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. त्या रोजच्या घेणाऱ्यांची खरी शिस्त म्हणजे गोळीचा आकार. पाहुण्याला आग्रह करणारा बनारसी मी पाहिला नाही. आग्रह करतात ते आपल्यासारखे सणापुरते शौकीन.

मुंबई, कॅज्युअल्टीत काम केलेली डॉक्टर

वरच्या ‘पाऊण तास काहीच नाही’खाली लाल रेघ मारा. होळीच्या दुपारी आमच्याकडे येणारे बहुतेक लोक त्याच पाऊण तासाचे बळी. ओढलेला गांजा काही मिनिटांत जाणवतो, त्यामुळे माणूस थांबतो. पोटातून गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि यकृतात तिच्यातल्या टीएचसीचं (नशा आणणारा घटक) जे रूपांतर होतं तेही चांगलंच जोरकस असतं. तोवर ‘यात काही दम नाही’ म्हणत दुसरा-तिसरा ग्लास झालेला असतो. मग छातीत धडधड, तोंडाला कोरड, घड्याळ पुढेच सरकत नाही आणि ‘मी मरतोय, आईला बोलवा’. एक धष्टपुष्ट गृहस्थ माझा हात सोडायला तयार नव्हते, कारण सोडला तर ते छताला चिकटतील अशी त्यांची खात्री होती!

बहुतेकांना शांत खोली, कुशीवर झोपवणं आणि धीर देणारं माणूस एवढंच लागतं. लिंबू-लोणच्याच्या भरवशावर राहू नका. छातीत दुखणं, झटके, बेशुद्धी, किंवा लहान मुलाने चुकून प्यायली असेल, तर थेट रुग्णालय. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं आणि कोरडं असेल तर भांगेत धोतरा मिसळलेला असू शकतो. तो खरा जीवघेणा.

नागपूर

आमच्याकडे भज्यांत घालतात. खाणाऱ्याला न सांगता. याला गंमत म्हणणाऱ्यांना वरच्या डॉक्टरबाईंच्या ड्यूटीला बसवा.

त्र्यंबकेश्वर

२०१५च्या सिंहस्थात वडिलांच्या चहाच्या टपरीवर होतो. साधूंची चिलीम जवळून पाहिली. आत खडा, वर गांजा, खाली ओली छापी, म्हणजे फडकं, गुंडाळलेली, आणि पहिल्या झुरक्याआधी मोठ्याने ‘बम भोले’. चिलीम उजवीकडून फिरते, नको असेल तर कपाळाला लावून पुढे द्यायची, कुणी रागवत नाही. आखाड्यातला एक म्हातारा बाबा मात्र ओढायला घुटमळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हाकलून द्यायचा. ‘पहले घर छोडो, फिर चिलम पकडो’ म्हणायचा.

ट्रेकर, ठाणे

कुलूकडे पार्वती खोऱ्यात शरदात गेलात तर हिरव्या ओल्या झाडांचे शेंडे तळहातांत घोळवणारी माणसं दिसतात. हातावर काळसर थर जमतो, तो खरवडून वळतात, ती चरस. दिवसभर घासून हाताला लागते ती चिमूटभर. मोरोक्कोत वाळलेलं झाड चाळणीवर झाडून पूड दाबतात, ते हशीश. पदार्थाची जात तीच, हात वेगळे. तिथल्या मलाणा गावाचं नाव याच मालामुळे जगभर झालं आणि त्या नावाखाली वाट्टेल ते खपवलं जातं, बुटाच्या पॉलिशचा वास येणारंसुद्धा. आमच्या ग्रुपमधल्या हौशी लोकांना कायद्याचे आकडे माहीत नव्हते: चरस १०० ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, १ किलोपासून पुढे व्यावसायिक, म्हणजे किमान दहा वर्षं तुरुंग. गांजाला हेच आकडे १ किलो आणि २० किलो. आणि अल्प म्हणजे माफ नव्हे.

शिरपूर भागातला कृषी सेवा केंद्रवाला

सातपुड्याच्या पायथ्याशी मक्यात, तुरीत, कपाशीत मधल्या ओळी गांजाच्या निघतात, हे पेपरात तुम्ही वाचताच. ज्याला कळतं तो नर झाडं आधी उपटतो, नाहीतर माद्यांत बी धरतं आणि मालाचा दर्जा पडतो. पोलीस झाडं मुळासकट उपटून वजन करतात. सापडतो तो सातबाऱ्यावर नाव असलेला. आगाऊ पैसे देऊन गेलेला व्यापारी कुणाला दिसत नाही.

अल्मोड्याची सून, माहेर सांगली

सासूबाई भांगेची चटणी वाटताना पाहून मी हादरले होते. बिया भाजून, हिरवी मिरची, पुदिना, लिंबू. खमंग, आणि नशा शून्य, कारण बियांत टीएचसी जवळपास नसतंच. २०२१ पासून एफएसएसएआयनेही (देशाचं अन्नसुरक्षा खातं) या बिया अन्न म्हणून मान्य केल्यात. आता मी माहेरी नेते, बाबा भाकरीबरोबर खातात आणि शेजाऱ्यांना ‘तीळच आहे’ सांगतात.

टोरांटो

इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर. दुकानात फुलं, तेल, वाफ ओढायची पेनं, गोळ्या, सरबत, सगळं. खायच्या पदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी आणि पाकीट मुलांना उघडता येऊ नये असं. ‘इंडिका झोप आणते, सटिवा तरतरी’ असं विक्रेते सांगतात, पण ती नावं झाडाच्या ठेवणीवरून पडलेली, परिणामाची हमी त्यांत नाही. पाकिटावरचे टीएचसीचे आणि सीबीडीचे (नशा न आणणारा घटक) आकडे वाचावेत. भारतातून येणाऱ्यांना एकच सांगणं: जाताना बॅगेत गमीज (गांजाच्या चघळायच्या गोळ्या) ठेवू नका. सिंगापूरमार्गे तर नकोच नको.

कोल्हापूर

इथे हसणं-खिदळणं चाललंय, माझं थोडं वेगळं. धाकटा भाऊ अकरावीत गांजा ओढू लागला. आम्हाला वाटलं, दारूपेक्षा बरं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी पंख्यातून आवाज येतात, शेजारी आपल्यावर लक्ष ठेवून आहेत असं म्हणू लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की ज्याच्यात आधीच कल असतो त्याला किशोरवयातला रोजचा गांजा अशा आजाराकडे ढकलू शकतो. आमच्या मावशीलाही असाच आजार होता, पण घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. भाऊ आता गोळ्यांवर आहे, नोकरी करतो. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे त्यांनी ‘वनस्पतीच तर आहे’ हे ऐकून घेऊ नये.

धागाकर्ता

कोल्हापूरकर ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. कुणाला घरातल्या माणसाबद्दल असं विचारायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

रत्नागिरी, बोटीवर असतो

दर्यावर्दी भावांसाठी. शिमग्याला घरी आलात आणि कुणी ठंडाई पुढे केली तर पुढचं जॉइनिंग आठवा. बोटीवर चढण्याआधीच्या लघवीच्या तपासणीत पान, फूल, राळ असा भेद दिसत नाही. एखाद्या वेळच्या घेण्याचा अंशही काही दिवस सापडतो, नेहमीच्याचा काही आठवडे. आमच्या वाडीतल्या एकाने ‘भांग एनडीपीएसमध्ये येत नाही’ हे बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मॅनिंग एजंटला पटवायचा प्रयत्न केला. एजंटने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवला.