मदत हवी आहे : ११ वर्षे कोबोलमध्ये काढल्यावर पुढची नोकरी कोणत्या कामासाठी शोधावी?

नमस्कार.

मी गेली ११ वर्षे एका बँकेच्या मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो आहे. रात्रीच्या बॅचमधील (एकगठ्ठा चालणाऱ्या कामांतील) व्याज-आकारणीचे प्रोग्रॅम, ती कामे चालवण्याच्या सूचना लिहिण्याची भाषा जेसीएल, डीबी-टू हा डेटाबेस आणि व्हीसॅम प्रकारच्या माहितीच्या फायली हे माझे नेहमीचे काम. सीआयसीएसशी, म्हणजे ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या प्रणालीशी, संबंध जेमतेम आला. आता ही प्रणाली टप्प्याटप्प्याने जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेवर नेण्याचे ठरले असून, साधारण दोन वर्षांत माझे सध्याचे काम संपेल असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

कोबोल संपले, हे मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे; पण १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या या भाषेचे नवे प्रमाणक २०२३ मध्येही निघाले, त्यामुळे त्या घोषणेवर माझा विश्वास नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आल्यावर अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांसाठी जाहीर आवाहन करावे लागले होते. अर्थात, त्यांनी स्वयंसेवक मागितले होते, हेही लक्षात ठेवलेले बरे. मला दिसणाऱ्या जाहिराती एकतर काही महिन्यांच्या कंत्राटाच्या असतात, नाहीतर कोबोलबरोबर जावा आणि क्लाउडचाही अनुभव मागतात.

गेल्या मुलाखतीत मी एक प्रसंग सांगितला. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये एका कॉम्प-३ (दशांश आकडे दाटून साठवण्याच्या) पद्धतीतील रकमेच्या जागी कोऱ्या जागा भरलेल्या होत्या आणि रात्री दोन वाजता बॅच एस-झीरो-सी-सेव्हन, म्हणजे आकड्याच्या जागी अवैध माहिती असल्याची चूक, देऊन बंद पडली. डंपमधील (बंद पडतानाच्या मेमरीच्या नोंदीतील) ऑफसेटवरून, म्हणजे चुकीच्या जागेच्या क्रमांकावरून, मी ती ओळ आणि तो रेकॉर्ड शोधून काढला. समोरच्यांनी शांतपणे विचारले, "मेनफ्रेमच नसेल तर आपण काय कराल?" मला उत्तर सुचले नाही.

तेव्हा जावा शिकून नवशिक्यांच्या रांगेत उभे राहावे, की जुनी प्रणाली नव्या भाषेवर नेण्याच्या, म्हणजे स्थलांतराच्या, प्रकल्पांतच जागा शोधावी? आणि व्याजाच्या नियमांची माहिती बायोडेटामध्ये कशी मांडावी?

प्रतिसाद

मी अशाच एका स्थलांतरात तीन वर्षे होतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे जावा येणारी माणसे भरपूर होती, पण जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमच्या बेरजा जुळेनात तेव्हा सगळे अडले. कोबोलमध्ये गणिताच्या सूचनेत राउंडेड हा शब्द लिहिला नसेल, तर जास्तीचे दशांश कापले जातात. नव्या प्रोग्रॅममध्ये ते कापले न जाता शेवटचा अंक जवळच्या अंकाला पूर्णांकित होत होता. लाखो खात्यांत हा फरक साचत गेला आणि तो ओळखला जुना कोड वाचणाऱ्या बाईंनी, ज्यांना जावा तेव्हा वाचण्यापुरतीच येत होती.

त्यामुळे जावा अवश्य शिका, परंतु बिगडेसिमल (जावातील अचूक दशांश गणिताची सोय) आणि चाचण्या लिहिणे यांपासून सुरुवात करा, म्हणजे आपल्या अनुभवाशी त्याचा सांधा जुळेल. बायोडेटामध्ये भाषेचे नाव दुसऱ्या ओळीत जाऊ द्या. पहिल्या ओळीत आपण कोणती आकारणी सांभाळली आणि कोणत्या चुका पकडल्या ते लिहा. नुसत्या देखभालीच्या भरवशावर नवी कायम नोकरी मिळणे मात्र मला कठीण दिसते. दोन्ही प्रणाली समांतर चालवून निकाल ताडून पाहणारा गट आपल्याकडेही लागेलच. त्यात घेण्याची विनंती याच महिन्यात लेखी करा, कारण तो गट बहुधा आधीच ठरतो.