बागेत वापरायला रेडमी नोट ४ आता चालेल का?

हर्णै_स्नेहा
मामेभावाकडे रेडमी नोट ४ पडून आहे, ३ जीबी रॅमचा. बाबांना द्यावा म्हणते. ते दिवसभर हापूसच्या बागेत असतात. फोन लागला पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवर पेटीचे भाव आणि मोहोरावरच्या रोगाचे फोटो पाठवता आले पाहिजेत, जमल्यास रेडिओ. सिम बीएसएनएलचं, कारण बागेत दुसऱ्या कुणाची रेंज धड येत नाही. पावसात लाइटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीचीही काळजी आहे. हाच देऊ की स्वस्तातला नवीन बघू?

कातळावरचा_रत्नागिरीकर
स्नेहाताई, फोन मुळात दणकट. जानेवारी २०१७ ला भारतात आला, स्नॅपड्रॅगन ६२५ वर. तो १४ नॅनोमीटरचा प्रोसेसर, त्यामुळे तापत नाही आणि बॅटरी जपून खातो. साडेपाच इंची फुल एचडी स्क्रीन, १३ मेगापिक्सेल कॅमेरा. पानावरचे डाग उजेडात स्वच्छ टिपेल.

खरा प्रश्न सिमचा आहे. बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झवर चालतं. डोंगर-झाडीत लांब पोचतो तो ७०० चा, म्हणजे बँड २८, आणि तोच या फोनात नाही. म्हणून आधी बाबांचं सिम त्यात घाला आणि बागेत, अगदी खालच्या गडग्यापाशी उभं राहून कॉल लावा, एक फोटो पाठवून बघा. घरच्या पडवीत रेंज आली म्हणून समाधान मानू नका. जिओ असतं तर अडचण नव्हती, त्याचे ८५०, १८०० आणि २३०० तिन्ही यात आहेत.

एफएम आहे, पण वायरचा इअरफोन जोडावा लागतो, तोच अँटेना. वर इन्फ्रारेड आहे, त्यामुळे टीव्हीचा रिमोट म्हणूनही चालतो.

वेंगुर्ल्याचो_झिलगो
पयली बॅटरी बघ गो. मागचा पत्रा जरा जरी उचललेलो दिसलो तर चार्जिंगाक लावू नको, आधी बदलून घे.

मोबाईल_दुरुस्ती_चिपळूण
बरोबर सांगितलंय. मूळ बॅटरी ४१०० एमएएच, पण इतक्या वर्षांनी ती तेवढी उरलेली नसते. बदलताना बीएन४३ मागा. बीएन४१ ही मीडियाटेक प्रोसेसरवाल्या दुसऱ्या नोट ४ ची, चुकून तीच हातात देतात.

दुसरं, खारी हवा. चार्जिंगचा मायक्रो यूएसबी पोर्ट टॉर्च मारून बघा. आतल्या पट्टीवर हिरवट थर धरला असेल तर फोन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ होतो. पिना झिजल्या असतील तर खालचा चार्जिंग बोर्ड बदलतात. पाण्यापासून संरक्षण या फोनाला मुळीच नाही, पावसात झिपची पिशवी लागेलच.

हर्णै_स्नेहा
मनापासून आभार सगळ्यांचे. गूगल पे टाकून देऊ का त्यात? व्यापारी हल्ली त्यावरच पैसे पाठवतात.

कातळावरचा_रत्नागिरीकर
मी तरी टाकणार नाही. अँड्रॉइड ७ वरच थांबलेला फोन आहे, सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद झाले. आंब्याचे पैसे येतात ते खातं तुमच्या फोनवर ठेवा. आणि मेमरी कार्ड घालणार असाल तर दुसरं सिम बसत नाही, दोघांची खाच एकच आहे. बागेत बीएसएनएल चाललं नाही तर नवीन घेताना खोक्यावर बँड २८ बघूनच घ्या.

हर्णै_स्नेहा
रविवारी सिम घेऊन बागेत जाते. काय होतं ते इथेच लिहीन.