हवा खराब असताना पहाटे पळायला जावं की नाही?

चेंबूरची_ससा
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी हाफ मॅरेथॉन आहे, ट्रेनिंग मस्त चाललंय, पण डिसेंबर लागल्यापासून पहाटे पाचला बाहेर पडलं की समोरचे टॉवर धुरकट दिसतात, पळून आल्यावर घसा खवखवतो आणि दिवसभर खाकरणं चालू. हवेचा एक्यूआय (प्रदूषणाचा आकडा, जितका जास्त तितकी हवा वाईट) बघितला तर एक अॅप म्हणतं 138, दुसरं त्याच वेळी 165, आता खरं कुठलं मानायचं? सासूबाई म्हणतात घरात सूर्यनमस्कार घाल, नवरा म्हणतो जिम लाव. मला ट्रेडमिलचा जाम कंटाळा येतो, पण फुफ्फुसांची वाट लावून मेडल पण नकोय. तुम्ही लोक किती आकडा झाला की घरी बसता? आणि मास्क लावून कुणी पळतं का?

मुलुंडचा_घामाघूम
दोन्ही आकडे खरे आहेत, पट्ट्या वेगळ्या आहेत. 'समीर' हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अॅप, ते आपली भारतीय पट्टी वापरतं, परदेशी अॅप बहुतेक अमेरिकन. पीएम 2.5 (हवेतली अगदी बारीक धूळ) जर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे आकडा येतो 100, म्हणजे 'समाधानकारक', आणि तीच हवा अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा तर 15 मायक्रोग्रॅम आहे, त्या हिशोबाने आपण हिवाळाभर घरातच बसायचं. दुसरं म्हणजे समीरवरचा आकडा मागच्या 24 तासांची सरासरी असतो, पहाटे पाचला तुला दिसतं त्यात काल दुपारची बरी हवासुद्धा मिसळलेली असते. म्हणून जवळच्या स्टेशनचा तासाचा पीएम 2.5 बघत जा.

माझं म्हणाल तर भारतीय पट्टीवर 150 पर्यंत सावकाश पळतो, त्याच्या वर गेला की अंतर कमी आणि स्पीडवर्क (जोरात पळायचा सराव) बंद, 200 च्या वर घरी. हा माझा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

गिरणगावकर_आबा
आम्ही लालबागला गिरण्यांच्या चिमण्यांखाली वाढलो, सकाळी खिडकीवर काजळी बोटाने पुसायचो, तरी क्रिकेट, कबड्डी सगळं खेळलो. अॅप बघून पळणारी पिढी! रेस पहाटेच सुटते ना, मग पहाटेच पळायची सवय पाहिजे.

दमेकरी_पण_दमदार
आबा, पहाटे उठायची सवय होते हो, धुळीची होत नाही. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, पळताना पन्नासच्या पुढे जातो आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकातली गाळणी पण बाजूला. मला लहानपणापासून दमा आहे. माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पळण्याआधी इनहेलर त्यांनी लिहून दिलाय तसा घ्यायचा, आणि छाती आवळली किंवा शिट्टीसारखा आवाज आला की तिथेच थांबायचं, 'एवढा किलोमीटर संपवते' असं करायचं नाही. ससाताई, तुमचं खाकरणं दिवसभर राहतंय म्हणता, ते दोन-तीन आठवडे चाललं तर दाखवून घ्या एकदा.

मास्क: कापडी आणि सर्जिकलने पीएम 2.5 फारसा अडत नाही. एन 95 अडवतो पण घामाने ओला झाला की श्वास ओढताना जीव जातो. चालायला ठीक, टेम्पो रनला (सलग वेगात पळायला) विसरा.

मतलई_वारा
सगळ्यांनी आकडा धरलाय, वेळेबद्दल कुणी बोलत नाहीये. हिवाळ्यात पहाटे जमीन गार, वरची हवा उबदार, त्यामुळे रात्रभरचा धूर खाली झाकणात अडकल्यासारखा बसून राहतो, त्यात ट्रकची वाहतूक, बिल्डिंगची खोदकामं आणि वॉचमन लोकांच्या शेकोट्या (आमच्या गेटवर तर पुठ्ठ्यासोबत प्लास्टिक पण जाळतात, सांगून थकलो). ऊन चढलं की झाकण उघडतं आणि दुपारी समुद्रावरून वारा आला की अजून बरं. म्हणजे 'पहाटेची ताजी हवा' डिसेंबरच्या मुंबईत बऱ्याचदा दिवसातली वाईट हवा असते. आणि मरीन ड्राइव्हला गेलं म्हणजे सुटलो असंही नाही, शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केले होते ना, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, अख्ख्या शहराचा धूर घेऊन.

दुपारी बारालाच पळा असं म्हणत नाहीये, उन्हाने भाजून निघाल. पण लाँग रन रविवारी पाचऐवजी साडेसात-आठला काढा, ट्रॅफिकही कमी असतो. हायवे सोडा, मेट्रोच्या आणि टॉवरच्या बांधकामाभोवतीच्या पत्र्यांच्या कडेने पळू नका, आतले झाडांचे रस्ते धरा, रस्त्यापासून थोडं आत गेलं तरी फरक पडतो. आठवड्यातला एखादा दिवस ट्रेडमिलवर काढा, पण जिमच्या खिडक्या उघड्या असतील तर हवा तीच, आणि नुसता स्प्लिट एसी बारीक धूळ गाळत नाही.

मुलुंडचा_घामाघूम
+1. मी रविवारी नॅशनल पार्कात जातो, गेट उघडल्यावरच सोडतात त्यामुळे उशीर आपोआप होतो 😄

गिरणगावकर_आबा
बरं बाबा, शेकोटीचं पटलं. आमच्या बिल्डिंगखाली पण तेच, खोकून हैराण.

चेंबूरची_ससा
थँक्यू सगळ्यांना! वेळेचा विचारच केला नव्हता, पहाट म्हणजे चांगलंच असं डोक्यात बसलेलं. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू पळणं) जिममध्ये ढकलते आणि लाँग रन या रविवारी साडेसातला, माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या आतल्या रस्त्यांवर, एकदम निवांत पेसने, गप्पा मारता येतील इतपत. खोकला राहिलाच तर डॉक्टरकडे जाते. एकच शंका, आठनंतर ऊन लागतं तर पाणी कुठे ठेवता? बाटली हातात धरून पळायला मला अजिबात जमत नाही.

दमेकरी_पण_दमदार
कमरेचा बेल्ट घ्या, दोन छोट्या बाटल्यांचा. आणि पहिल्यांदा घालाल तेव्हा अर्ध्याच भरा, नाहीतर दोन किलोमीटरमध्ये काढून फेकाल.