ऑफिसच्या कामाला १५.६ इंची लॅपटॉप कशाला? १४ इंची आणि सोबत मॉनिटर घ्या (चर्चा)

पाथर्डीफाटा:

नाशिकमध्ये सातपूर-अंबडचे कारखाने असोत की कॉलेज रोड, गंगापूर रोडची ऑफिसं, लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण १५.६ इंचीच मागतात. स्क्रीन मोठी, म्हणजे जास्त मजकूर मावेल, असा हिशेब असतो. तो हिशेब चुकतो.

१४ आणि १५.६ इंची, दोन्हींत पॅनल बहुतेक वेळा १९२० बाय १०८० पिक्सेलचंच असतं. विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चिन्हं किती मोठी दिसतील ते ठरवणारी सेटिंग) दोन्हींवर १२५ टक्के ठेवलं तर एक्सेलच्या तेवढ्याच ओळी आणि तेवढेच कॉलम दिसतात. मोठ्या स्क्रीनवर एक ओळसुद्धा जास्त नाही. फक्त १४ इंचीवर अक्षर साधारण १० टक्के बारीक दिसतं. गडबड होते ती दुकानात. छोटं मशीन बहुधा १५० टक्के स्केलिंगवर येतं आणि शेजारचं मोठं १२५ वर. मग एक्सेल उघडलं की छोट्यावर २० च्या आसपास ओळी आणि मोठ्यावर २७ च्या आसपास. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल इथे जाऊन दोन्ही सारखे करा आणि मगच तुलना करा.

ओळी वाढवायच्या असतील तर पॅनलची उंची बघा. १९२० बाय १२०० चं, म्हणजे १६:१० चं पॅनल १२० पिक्सेल जास्त देतं. १२५ टक्के स्केलिंगला एक्सेलच्या चार-पाच ओळी वाढतात. कंट्रोल + एफ१ दाबून वरची बटणांची पट्टी (रिबन) मिटवली तर आणखी चारेक ओळी मोकळ्या होतात.

वजन १४ इंचीचं १.३ ते १.५ किलो, १५.६ चं १.६ ते १.९. चार्जर वेगळा. इंदिरानगरहून सातपूरला रोज दुचाकीवर जाणाऱ्याच्या पाठीला हा फरक कळतो. ऑफिसात टेबलावर २४ इंची मॉनिटर लावा. त्यावर १०० टक्के स्केलिंगला एक्सेलच्या ३५ हून जास्त ओळी सहज दिसतात. इतक्या ओळी १५.६ इंची १०८० पॅनलवर वाचता येतील अशा अक्षरात मिळतच नाहीत.

हिशेबनीस_पंचवटी:

असहमत. स्केलिंगचं गणित बरोबर आहे, पण "फक्त १० टक्के बारीक" असं म्हणून तो विषय उडवून लावू नका. चाळिशी लागलेला माणूस बारीक अक्षर दिसलं की मान पुढे काढतो, पाठीला पोक काढतो. आठ तास तसं बसल्यावर जे व्हायचं ते होतंच. मग तोच माणूस स्केलिंग १५० वर नेणार, आणि तुमच्या त्या सारख्या ओळी तिथेच संपल्या.

दुसरं म्हणजे नमपॅड (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट), आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. डावा हात या कळांवर आणि कागदावर, उजवा हात नमपॅडवर. ५ च्या कळीवर उंचवटा असतो, त्यामुळे खाली न बघता रक्कम पडते आणि नजर बिलावरच राहते. वरच्या रांगेतले आकडे मारताना नजर दर वेळी कीबोर्डवर येते, ५६ च्या जागी ६५ पडतात आणि महिनाअखेरीला ९ रुपयांचा फरक शोधत बसावं लागतं. (फरकाला ९ ने भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे शोधा, ही जुनी युक्ती आजही चालते.)

१४ इंचीत नमपॅड बहुधा नसतोच. रोज शंभर व्हाउचर टाकणाऱ्याला ते मशीन देऊ नये.

मात्र १५.६ घेतानाही नमपॅड तपासून घ्या. काहींत तो दाबून बसवलेला असतो: कळा अरुंद, शून्याची कळ एकपदरी, एंटर बारका. शून्य दुप्पट रुंद आणि एंटर उभा लांब असेल तरच हात बसतो. एफ कळा आवाज-ब्राइटनेसवर लावून आलेल्या असतील तर बऱ्याच मॉडेलांत एफएन + एस्केप दाबून बदलता येतात. तसं झालं नाही तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) बघा.

पाथर्डीफाटा:

हिशेबनीस ताई, यूएसबी नमपॅड पाचशे-हजारात मिळतो आणि तो हवा तिथे ठेवता येतो. अंगच्या नमपॅडचा तोटा कोणी बोलत नाही: त्याच्यामुळे अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात. बोटं एफ आणि जे वर ठेवली की शरीर स्क्रीनच्या मध्यासमोर राहत नाही, मान सतत थोडी उजवीकडे वळलेली राहते. दिवसभर मराठी पत्रं, निविदा, जबाब टाइप करणाऱ्याला हे नको असतं. त्याला आकडे लागतात तरी किती?

हिशेबनीस_पंचवटी:

टायपिंगवाल्याचं मान्य. पण सुटा नमपॅड म्हणजे एक यूएसबी पोर्ट गेलं. पातळ १४ इंचीत मोठी यूएसबी पोर्टं बऱ्याचदा दोनच असतात: एकात माउस, दुसऱ्यात डिजिटल सिग्नेचरचं टोकन. नमपॅड कुठे लावायचा? हब घ्यायचा, मग टोकन हबवर ओळखलं जात नाही म्हणून पुन्हा काढाकाढी. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हा खेळ परवडत नाही.

स्क्रूड्रायव्हर:

इंचांवर भांडण चाललंय आणि मशीन मरतं वेगळ्याच कारणांनी. तीन गोष्टी बघा.

पहिली, हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. प्लॅस्टिक बॉडीच्या लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. १५.६ चं झाकण रुंद आणि जड. ते एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूच्या हिंजवर येतो. आधी "कट्" असा बारीक आवाज येतो, मग झाकणाच्या खालच्या कडेला फट दिसते, मग नट प्लॅस्टिकसकट उपटतो. तरीही वापरत राहिलं तर डिस्प्लेची केबल चिमटते आणि स्क्रीन लुकलुकायला लागते. फट दिसली की उघडझाप बंद करा. त्या टप्प्यावर नट परत बसवून काम भागतं, पुढे गेलं तर पूर्ण कव्हर बदलावं लागतं. झाकण नेहमी मधोमध धरून उघडायचं. धातूच्या झाकणाचं १५.६ मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. प्लॅस्टिकमध्येच घ्यायचं असेल तर १४ इंची जास्त टिकतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

दुसरी, रॅम. इथे पारडं उलटं. बऱ्याच पातळ १४ इंचींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. १५.६ मध्ये एखादा स्लॉट मिळण्याची शक्यता जास्त. दुकानात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मेमरी इथे जा. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" लिहिलं असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. मग घेतानाच १६ जीबी घ्या. टॅली, एक्सेल, क्रोमचे वीस टॅब आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र चालू ठेवले की ८ जीबी अपुरी पडते.

तिसरी, बॅटरी. मोठी बॉडी म्हणजे मोठी बॅटरी असं नसतं. स्वस्त १५.६ मध्ये ४१-४२ वॉट-अवरची बॅटरी सर्रास दिसते, आत जागा मोकळी असूनही. खोक्यावरचे "इतके तास" वाचू नका, वॉट-अवर वाचा. ५० च्या पुढे असेल तर बरं.

आणि पॅनलच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स" (म्हणजे फिके रंग, कमी उजेड) लिहिलं असेल तर खिडकीजवळ बसणाऱ्याने ते घेऊ नये, मग इंच कितीही असोत. ३०० निट्सचं आयपीएस मागा.

मनमाड_अपडाउन:

पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाणाऱ्यांसाठी १४ च. पुढच्या सीटमुळे १५.६ चं झाकण पुरतं मागे जात नाही आणि मांडीवर धरायला कोपर मिटून बसावं लागतं. बॅगेत चार्जरचा ठोकळा झाकणाला टेकवून ठेवू नका. गर्दीत दाबला गेला की पॅनलवर पांढरे ठिपके येतात, ते जात नाहीत.

सिन्नर_डिस्पॅच:

पाथर्डीफाटा, तुमचा सगळा हिशेब "टेबलावर मॉनिटर आहे" यावर उभा आहे. मुसळगाव किंवा माळेगावच्या एमआयडीसीत गेटवर, वजनकाट्यावर, स्टोअरमध्ये मॉनिटर कुठून आणणार? तिथे धूळ आहे, एक प्लग आहे आणि त्याच प्लगवर प्रिंटर आहे. लाईट गेली की मॉनिटर बंद, आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचं ऑनलाइन बिल) अर्ध्यात. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मग तिथे जी स्क्रीन आहे तीच काय ती. गाडी गेटवर उभी असताना ड्रायव्हर आणि सुपरवायझर दोघांना वाकून वाहन क्रमांक वाचायचा असतो. १५.६ च लागतो.

शिवाय लॅनचं पोर्ट. शेडमध्ये वाय-फाय पोचत नाही, केबलच ओढलेली असते. जाड १५.६ मध्ये लॅन पोर्ट अजून मिळतं. पातळ १४ मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि शिफ्ट बदलली की तो अ‍ॅडॉप्टर गायब होतो.

पाथर्डीफाटा:

गेट आणि वजनकाट्यासाठी तुमचं खरं, तिथे मशीन जागेवरून हलतही नाही. ऑफिसातल्या टेबलाला मात्र लाईट जाण्याचा मुद्दा लागू नाही. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २०-२५ वॉट खातो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्याला आणि राउटरला पुरून उरतो. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावू नका. तो गरम होताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

सीए_आर्टिकल:

खर्चाचंही बोला. १४ इंची, मॉनिटर, सुटा कीबोर्ड मिळून साध्या १५.६ पेक्षा दहा-बारा हजार तरी जास्त जातात. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच. बिलावर ऑफिसचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) घालूनच घ्या. ऑनलाइन मागवताना तो ऑर्डरच्या आधी भरा, नंतर बिल बदलून घेणं जिकिरीचं असतं आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं.

जुना रिफर्बिश्ड घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघा. त्याआधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

नवीन_सदस्य_ओझर:

१४ इंची घेतला तर झाकण मिटून फक्त मॉनिटरवर काम करता येतं का? मॉनिटर यूएसबी-सी पोर्टला लावायचा की एचडीएमआयला?

स्क्रूड्रायव्हर:

येतं. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज" इथे फक्त "प्लग्ड इन" खाली "डू नथिंग" करा. "ऑन बॅटरी" खाली स्लीपच राहू द्या. तिथेही बदललंत तर लॅपटॉप बॅगेत चालूच राहील, तापेल आणि घरी पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असेल. संध्याकाळी निघताना आधी चार्जर काढा, स्लीप झाल्याचं बघा, मग बॅगेत टाका.

एचडीएमआयला लावा, १०८० च्या मॉनिटरला कुठलीही बरी केबल चालते. सी पोर्टला लावायचा असेल तर पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची डी-पी खूण किंवा थंडरबोल्टची वीज आहे का ते बघा. नुसती यूएसबीची खूण असेल तर आधी त्या मॉडेलची माहिती तपासा, काही सी पोर्टांतून फक्त डेटा जातो.