जुनी लष्करी विमानं डोक्यावरून गेली की अंगावर काटा का येतो? आणि आपल्याकडं हा आवाज कुठं ऐकायला मिळंल?

यवतेश्वरचा_वारा (सातारा):
मंडळी, प्रश्न जरा येडा वाटंल पण विचारतोच. थोरली बहीण इंग्लंडात लिंकनशायरला असते, उन्हाळ्यात तिच्याकडं जाऊन आलो. सगळा सपाट मुलूख, कुठं टेकाड म्हणून नाही, सातारच्या माणसाला अशा ठिकाणी उघड्यावर पडल्यासारखंच वाटतं. तर एका दुपारी तिच्या परसात बसलोय आणि लांबनं घरघर सुरू झाली, ती कानापेक्षा छातीत जास्त. भाऊजी आतनं पळत आले, "लँकास्टर, लँकास्टर" करत, आणि शेजारच्यांच्या छपरावरनं चार इंजिनांचं ते खालनं काळंकुट्ट दिसणारं धूड आलं, दोन्ही बाजूला एकेक स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातली विमानं ही. तिथं कॉनिंग्सबीच्या तळावर त्यांच्या हवाई दलाची एक तुकडी आहे, १९५७ पासनं जुनी विमानं उडती ठेवायचं काम करते. भाऊजी म्हणाले उडतं लँकास्टर आख्ख्या जगात दोनच उरलीत, हे एक आणि दुसरं कॅनडात. अर्ध्या मिनिटात सगळं निघून गेलं आणि माझ्या अंगावर काटा, डोळ्यात पाणी. आता मला ना त्या युद्धाशी देणंघेणं, ना कधी विमानांचा नाद, मग हे काय झालं म्हणायचं?

बरं, आवाजाची सवय नाही असंही नाही. पुण्याच्या लोहगाव तळावरची सुखोई लढाऊ विमानं इकडनं जातात की, अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या मधी आवाज असा कोंडतो की खिडक्या थरथरतात. पण त्यानं दचकायला होतं, बास. ते वेगळं आणि हे वेगळं. कुणी इंजिनातला माणूस असेल तर नीट इस्कटून सांगा. आणि भारतात असं जुनं विमान उडताना कुठं बघायला मिळतं का, का परत ताईच्या उरावर जाऊन बसू?

भडंग_मास्टर (सांगली):
ताईला विचारून बघा, ती म्हणंल विमानच इकडं पाठवते पण तू येऊ नको 😂

कुपवाडचा_फिटर (सांगली):
भावा प्रश्न येडा नाय, लय भारी हाय. मी एमआयडीसीत कॉम्प्रेसर-इंजिनवाला माणूस, विमानाला कधी हात लावला नाही पण इंजिन ते इंजिन. लँकास्टर आणि बहुतेक स्पिटफायर, दोन्हीला रोल्स रॉइसचं मर्लिन. व्ही आकारात १२ सिलिंडर, २७ लिटरचं इंजिन. आता हिशोब बघ, फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत बाराही सिलिंडर एकदा पेटतात, २००० आरपीएमला सेकंदाला २०० स्फोट झाले. आणि सायलेन्सर नावाचा प्रकारच नाही, प्रत्येक बाजूला बोटभर नळकांडी, त्यातनं धूर सरळ मागं फेकायचा, तेवढाच पुढं रेटा मिळतो. म्हणजे तू जे ऐकलंस ते अगदी कच्चं इंजिन, मधी काहीच नाही.

आता ते छातीत घुमणं. शेजारशेजारच्या दोन विहिरींवर डिझेल इंजिनं चालू असली की कसं होतं, दोघांचा ठेका थोडा पुढंमागं असतो आणि मधनं एक तिसराच हेल निघतो, वाँव... वाँव... रात्री मळ्यात झोपलेल्याला माहितीय. लँकास्टरला अशी चार. एक २०० स्फोटांवर आणि दुसरं २०२ वर असलं की सेकंदाला दोन हेल ऐकू येणार. पायलट चारी इंजिनं जुळवतात पण शंभर टक्के कधीच जुळत नाहीत आणि ते बरंच आहे म्हणायचं.

जेटचं गणित निराळं. तिथं वेगवेगळे स्फोट नाहीतच, आग सलग जळते, आवाज होतो तो मागनं सुटलेला गरम झोत बाहेरच्या शांत हवेवर आपटून फाटतो त्याचा. झोताचा वेग दुप्पट केला तर आवाजाची ताकद अडीचशेपटीच्या वर जाते, आठवा घात लागतो. प्रवासी विमानात मधल्या झोताभोवती सावकाश हवेचं जाडजूड वेष्टण असतं म्हणून ती पूर्वीपेक्षा गप झालीत. मिग-२१ सारख्या जुन्या लढाऊ विमानाच्या इंजिनात असलं काही नाही, सगळी हवा आगीतनं. त्यामुळं जेटचा आवाज म्हणजे नुसता फाटलेला गोंगाट, त्यात ठेका सापडत नाही आणि ठेका नाही तिथं माणूस दचकतो, डोलत नाही. हे आपलं माझं मत बरं का, पुस्तकात नाही.

अजून एक गंमत, हार्वर्ड नावाचं ट्रेनर होतं, आपल्या हवाई दलातपण. इंजिन ६०० हॉर्सपॉवरचं म्हणजे मर्लिनपुढं पोरगं, पण आवाज कान फाडणारा. कारण पंखा इंजिनला सरळ जोडलेला, मधी गिअर नाही. साधारण नऊ फुटी पंखा मिनिटाला २२०० च्या वर फिरला की त्याची टोकं आवाजाच्याच वेगाला टेकतात आणि हवा तडतडायला लागते. लोक म्हणतात इंजिन काय बोंबलतंय, बोंबलतो पंखा.

यवतेश्वरचा_वारा:
नाद खुळा! विहिरीवरच्या इंजिनानं डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाता जाता एक, आमचं बारकं पोरगं विचारतंय सुखोईचा आवाज येतो तिथं बघितलं तर विमान का नसतं?

कुपवाडचा_फिटर:
आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. विमान तीन किलोमीटर उंच असलं तर नऊ सेकंद. तेवढ्यात ताशी ९०० नं ते दोन किलोमीटरच्या वर पुढं गेलेलं असतं. पोराला सांग, आवाजाच्या पुढं, ज्या दिशेनं चाललंय तिकडं बघायचं.

निवृत्त_इंजिनफिटर (ता. जि. सातारा):
नमस्कार. मी हवाई दलात होतो, बरीच सर्व्हिस आग्र्याला कॅनबेरा या जेट बॉम्बर विमानावर. १९५७ ला आलेलं विमान २००७ ला आग्र्यातच रिटायर केलं, पन्नास वर्षं. कुपवाडच्या साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त आमच्या बाजूचं सांगतो. कॅनबेराचं इंजिन बॅटरीवर नाही, काडतुसावर चालू व्हायचं. दारूचं काडतूस आत उडायचं, त्याच्या गॅसनं टर्बाइन फिरायचं, आणि धडाम करून एवढा काळा धूर निघायचा की नवीन पोरगं पहिल्यांदा विमान पेटलं म्हणून पळायचंच. आम्हाला तो आवाज आला की बरं वाटायचं, कारण नाही आला तर रात्रभर आम्हीच इंजिनात. तुम्ही म्हणता तो काटा आमच्या अंगावर कधी आला नाही, आम्ही आवाजात चूक शोधत असायचो. अजूनपण गावातनं एसटी गेली तरी तेच करतो, बायको वैतागते.

पण खरं सांगायचंय ते डाकोटाचं, म्हणजे दोन पंख्यांच्या जुन्या वाहतुकीच्या विमानाचं. आपल्या भागातली किती पोरं फौजेत हे काय सांगायला नको, अपशिंग्याला तर नावातच मिलिटरी लागलंय. बांगलादेशाच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला तिथं टांगाइलला पॅराशूट बटालियन उतरवली ना, ती २ पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा. आमच्या भावकीतले एक आबा त्यात होते. डाकोटा, पॅकेट, कॅरिबू, एएन-१२, मिळंल ते विमान लावलेलं, आबा डाकोटातनं उतरले. मी त्यांना एकदा विचारलं आबा आवाज कसा होता, तर म्हणाले आवाज कसला, त्यो ऐकायचा नसतोय, त्यो अंगात भरतोय. शेजारचा ओरडला तरी फक्त तोंड हलताना दिसायचं, पत्रा कापायचा, दार उघडं, आणि सगळ्यांचं ध्यान दिव्याकडं. लाल आणि हिरवा. बाहेर पडल्यावर विमान पुढं निघून गेलं आणि एकदम काहीच ऐकू येईना तेव्हा त्यांना भीती वाटली, आत नाही वाटली.

२०२२ च्या २६ जानेवारीला दिल्लीच्या फ्लायपास्टमधी टांगाइल नावाचीच फॉर्मेशन होती, मधी डाकोटा आणि बाजूला दोन डॉर्निअर. आबांना मुद्दाम टीव्हीपुढं बसवलं. बघितलं आणि म्हणाले, "आवाज बारका हाय ह्यो, जरा मोटा कर." पुरा आवाज केला तरी समाधान नाही.

हरिपूरकर (सांगली):
वाचून छान वाटलं, आबांना तर दंडवत. पण मी थोडं उलटं बोलणार, रागावू नका. लँकास्टर हे शोभेचं विमान नव्हतं, १९४३ मध्ये हॅम्बुर्ग आणि १९४५ मध्ये ड्रेस्डेन जाळली त्यात हीच विमानं होती. तिथल्या एखाद्या म्हातारीला तो चार इंजिनांचा हेल ऐकवला तर ती डोलंल का पलंगाखाली जाईल? आपण लांबचे म्हणून आपल्याला गोड लागतं. आणि धोका पण बघा. २०१५ ला इंग्लंडात शोरहॅमच्या शोमधी जुनं हंटर जेट रस्त्यावर पडलं, ११ माणसं गेली, त्यातली कितीतरी नुसती तिथनं जाणारी. २०२२ ला अमेरिकेत डॅलसला बी-१७ बॉम्बर आणि एक फायटर हवेतच धडकली, सहा जण गेले. सत्तर-ऐंशी वर्षांचं मशिन हौसेखातर लोकांच्या डोक्यावरनं न्यायचंच कशाला, म्युझियममधी ठेवा की.

आवाजाचं म्हणाल तर २०१९ च्या महापुरात आम्ही गच्चीवर होतो तेव्हा हेलिकॉप्टरची फडफड ऐकून आमची आजी हात जोडायची. तीच आजी एरवी सुखोई गेलं की "मेल्यांनो" म्हणते. म्हणजे इंजिन, पंखा हे सगळं ठीक, पण खाली कोण उभं आहे त्यावर आहे सगळं.

कुपवाडचा_फिटर:
हरिपूरकर मुद्दा एकदम बरोबर, जर्मनीतल्या म्हातारीचा तर खोडताच येणार नाही. पण म्युझियमचं पटत नाही. बंद ठेवलेलं इंजिन मरतं हो. सील वाळतात, आत गंज धरतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते कसं चालवायचं कसं सोडायचं हे येणारी माणसं संपतात. उडवा, पण वस्तीवरनं कसरती नको, समुद्रावर नायतर मोकळ्या रानावर करा. शोरहॅमनंतर तिकडं नियम कडक केलेतच.

निवृत्त_इंजिनफिटर:
हरिपूरकर, तुमच्याशी भांडण नाही. ज्यांनी ती विमानं चालवली त्यांना पण ती सुखाची नव्हती. तरी आबांना विचाराल तर ते उडतंच ठेवा म्हणतील, म्युझियमातलं बघून ते म्हणाले होते "ह्ये मढं कशाला दावताय".

विमान_येडा (कराड):
उशीर झाला यायला. वाराभाऊ तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही राव. आपल्या हवाई दलाकडं पण जुनी विमानं उडती ठेवायची सोय आहे. टायगर मॉथ २०१२ च्या एअरफोर्स डेला हिंडनला उडालं होतं, दोन पंखांचं, १९३१ चं डिझाइन, इंजिन फक्त १३० हॉर्सपॉवर, आवाज गोड एकदम. हार्वर्ड पण दुरुस्त केलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डाकोटा, नाव परशुराम. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते घेऊन ब्रिटनमधी दुरुस्त करून हवाई दलाला दिलं, त्यांचे वडील स्वतः डाकोटाचे पायलट. २०१८ ला ते तिकडनं उडत उडत भारतात आलं, पेटीत घालून नाही. नंबर व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. दोन इंजिनं, एकेकाला गोलात मांडलेले १४ सिलिंडर, बाराशे हॉर्सपॉवर. फिटरसाहेबांचा दोन विहिरींचा हेल इथं अगदी तंतोतंत ऐकायला मिळतो.

कुठं बघायचं तर ८ ऑक्टोबरचा एअरफोर्स डे, आता दरवर्षी एकाच गावाला नसतो, २०२२ चंदीगड, २०२३ प्रयागराज, २०२४ चेन्नई. दुसरं बेंगळुरूचं एरो इंडिया, येलहंका तळावर, विषम साली असतं. आपल्याला तेच सोपं, हायवेला लागलं की सरळ. पण जुनं विमान येणार का हे आधी बघून निघा, दरवेळी येतंच असं नाही. नुसतं बघायचं असेल तर वास्कोचं नौदलाचं म्युझियम जवळ आहे, पण तिथं सगळं गप उभं. मिग-२१ तर आपल्याकडं आता कुठंच ऐकायला मिळणार नाही, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटचं उडालं, १९६३ पासनं होतं.

आणि घरबसल्या हवं असेल तर चेतक हेलिकॉप्टर दिसलं की वर बघा. १९५९ ला पहिल्यांदा उडालेलं डिझाइन, आपल्याकडं १९६२ पासनं. कुणी त्याला जुनं म्हणत नाही कारण ते अजून नोकरीवरच आहे.

यवतेश्वरचा_वारा:
काय माणसं आहात राव. हरिपूरकरांचं वाचून रात्री जरा झोप उडाली, खरं आहे ते, पण काटा आला तो आलाच, त्याला आता काय करू. पुढच्या एरो इंडियाला जायचं ठरवतोय, पोराला घेऊन. अजून कोण येतंय? आबांना पण न्यायचं का?

निवृत्त_इंजिनफिटर:
आबा येतील, गाडीत पुढची सीट द्यावी लागंल आणि वाटेत निपाणीला चहा. तुम्हाला एकच सांगतो, उडताना बघण्यापेक्षा डाकोटा चालू होताना बघायला मिळालं तर बघा. गोल इंजिनात उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमधी तेल उतरून बसतं, म्हणून आधी पंखा हातानं फिरवून घेतात. मग स्टार्टर लागतो, एक सिलिंडर पेटतो, परत गप, मग दोन, मग पांढरा-निळा धूर, खोकल्यासारखं करत करत एकेक जण जागा होतो आणि मग सगळे एकदम धरतात. कठड्याजवळ वारा जिकडनं येतोय त्या बाजूला उभं राहा, नायतर तो धूर सगळा तोंडावर येतो. पोराच्या कानाला बोळे आणा, आबांना नको, त्यांना तसंही कमी ऐकू येतं.

भडंग_मास्टर:
भडंग माझ्याकडं लागलं. फिटर येणार का, का गाडी बंद पडल्यावरच फोन करायचा?