अनोळखी शहरात लोकलचे फोटो: चांगली आणि सुरक्षित जागा आधीच कशी हेरायची?

लूपलाईन:
प्रवासात एखाद्या शहरात अर्धा दिवस मोकळा मिळतो, तेवढ्यात तिथल्या उपनगरी गाड्यांचे चांगले फोटो काढायचे आहेत. शहर नवं, भाषा येत नाही, विचारायला कोणी नाही. सामान म्हणजे कॅमेऱ्यावर २४-१०५ मिमीची एक झूम लेन्स आणि मोबाईल, ट्रायपॉड नाही.

"अमुक पुलावरून झकास दिसतं" एवढीच माहिती नेटवर सापडते. ऊन कुठल्या वेळी कुठून येतं, कठड्यावर जाळी आहे का, तिथे उभं राहायला परवानगी आहे का, हे कोणी लिहीत नाही. म्हणून विचारतो: निघण्याआधी नकाशावरून जागा कशी ठरवावी? फलाट बरा की पूल? रुळांच्या कडेला वगैरे उतरायचं नाही, हे पक्कं आहे.

होमसिग्नल:
आधी ओपनरेल्वेमॅप हा रेल्वेमार्गांचा ऑनलाइन नकाशा उघडा. त्यात रूळ किती पदरी आहेत, वर तारा आहेत की नाहीत, बऱ्याच देशांत वेगमर्यादा आणि सिग्नलसुद्धा दिसतात. शहराच्या मध्यापासून तीन-चार स्टेशनं बाहेरचा पट्टा बघा. मध्यावर स्टेशनं बहुधा छताखाली किंवा जमिनीखाली असतात, आणि फार लांब गेलात तर गाड्या विरळ होतात.

त्या पट्ट्यात एवढंच शोधायचं: फलाटाच्या टोकापासून २००-३०० मीटरच्या आत असलेलं वळण, रूळ ओलांडणारा पादचारी किंवा रस्त्याचा पूल, आणि फाटक. वळण हवं, कारण सरळ रुळावर मागचे डबे तोंडामागे लपतात. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी गाडी कमानीसारखी दिसते. बाहेरच्या बाजूने तोंड ठसठशीत येतं, पण शेपटी दिसेनाशी होते. दहा डब्यांची गाडी म्हणजे, डबा २० मीटरचा धरला तर, २०० मीटर. एवढी लांबी फ्रेममध्ये बसवायची तर वळणाला तेवढी मोकळी जागा लागते, आणि नेमकी तिथेच झाडी असते. म्हणून उपग्रहचित्र बघा, मग गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून घेतलेली चित्रं. स्ट्रीट व्ह्यूच्या कोपऱ्यात महिना-वर्ष लिहिलेलं असतं ते नक्की वाचा. पानगळीत घेतलेल्या चित्रात मोकळी दिसणारी जागा चार महिन्यांनी हिरव्या भिंतीआड गेलेली असते.

मग ऊन. सनकॅल्कसारख्या साइटवर जागा, तारीख आणि वेळ टाकली की सूर्याची दिशा आणि उंची नकाशावरच मिळते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला रूळ पूर्व-पश्चिम असतील तर दक्षिणेच्या बाजूला उभे राहा, मकरवृत्ताच्या दक्षिणेला याच्या उलट. मधल्या पट्ट्यात दुपारच्या उन्हाची बाजू ऋतूप्रमाणे बदलते, तिथे तारीख टाकून बघण्याला पर्याय नाही. रूळ उत्तर-दक्षिण असतील तर सकाळी पूर्वेकडून, दुपारनंतर पश्चिमेकडून. सूर्य फार वर चढला की डब्यांच्या खालचा भाग, चाकं, बोगी (चाकांची चौकट) सगळं काळं पडतं. माझ्या मते सूर्य २० ते ४० अंशांवर असतानाचा वेळ सगळ्यात कामाचा.

बर्लिनचा मोडरझोन पूल आणि तोक्योत ओचानोमिझू स्टेशनाजवळचा हिजिरी पूल ताडून बघा. बर्लिनच्या पुलावरून टीव्ही टॉवर पश्चिमेच्या अंगाला दिसतो, म्हणजे गाडीच्या तोंडावर ऊन हवं तर सकाळ, आणि नुसती काळी आकृती हवी तर सूर्यास्त. हिजिरी पुलावरून पूर्वेकडे बघायचं असतं. केशरी पट्ट्याची चुओ, पिवळ्या पट्ट्याची सोबू आणि नदी ओलांडणारी लाल मारुनोउची अशा तीन गाड्या एका फ्रेममध्ये येऊ शकतात, पण ऊन पाठीशी हवं तर दुपारनंतरच. पूल नावाजलेला आहे म्हणून तिथे केव्हाही जाऊन चालत नाही.

फलाट क्रमांक सात:
वरचं सगळं बरोबर, पण पहिल्यांदा जात असाल तर सुरुवात फलाटावरून करा. आत जायचा हक्क तिकिटानेच मिळतो आणि कोणाच्या कुंपणाचा प्रश्न येत नाही.

आपल्याच फलाटावर येणारी गाडी टिपायला जाऊ नका. अंतर इतकं कमी पडतं की तोंड फुगलेलं येतं आणि मागचे डबे चिंचोळे. शिवाय नकळत पाय कडेकडे सरकतात. समोरच्या फलाटावरची गाडी टिपा. मधे एका रुळाचं अंतर आपोआप मिळतं, चाकांपासून छतापर्यंत सगळी बाजू दिसते.

कुठल्या टोकाला उभं राहायचं हे गाड्या कुठल्या बाजूने चालतात त्यावर ठरतं. जपान, ब्रिटन, फ्रान्स, स्वित्झर्लंड इथे गाड्या डाव्या रुळावरून चालतात. तिथे रुळांकडे तोंड करून उभं राहिलं की पलीकडची गाडी तुमच्या डाव्या हाताने येते, म्हणून फलाटाचं डावं टोक धरा. जर्मनी, नेदरलँड्स इथे उजव्या रुळावरून, म्हणून उजवं टोक. रस्त्यावरच्या वाहनांवरून अंदाज बांधू नका. फ्रान्समध्ये मोटारी उजवीकडून आणि रेल्वे बहुतेक ठिकाणी डावीकडून चालते. शिकागोत तर युनियन पॅसिफिकच्या उपनगरी मार्गांवर गाड्या डावीकडून आणि त्याच शहरातल्या इतर मार्गांवर उजवीकडून. पहिल्या दोन गाड्या नुसत्या बघा, मग जागा धरा. हे गणित दोन्ही कडांना फलाट आणि मधे दोन रूळ अशा स्टेशनाचं आहे. दोन रुळांच्या मधे एकच फलाट असेल तर ते स्टेशन सोडून पुढचं गाठा.

टोक म्हणजे जिथे प्रवाशांचा फलाट संपतो ते. त्यापुढे उतार, पाटी किंवा फाटक असतं, तिथून पुढची जागा कर्मचाऱ्यांची. पिवळी रेघ किंवा उंचवट्याच्या फरशा असतील त्यांच्याही एक हात मागे राहा, कारण कॅमेरा डोळ्याला लावला की माणूस पुढे झुकतो. न थांबता जाणाऱ्या जलद गाडीचा झोत मोठा असतो. खांद्यावरची बॅग काढून पायाशी ठेवा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा, कानातले हेडफोन काढा. विजेवरची गाडी समोरून येताना फार कमी आवाज करते. आणि १०० किमी वेगाची गाडी प्रति सेकंद १ मीटर या दराने वेग कमी करत गेली, तर थांबायला जवळजवळ ३९० मीटर घेते. मोटरमनने तुम्हाला पाहिलं तरी त्या क्षणी त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

फ्लॅश बंद, आणि फोकससाठी लागणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा. तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एक बारीक गोष्ट: स्वयंचलित गेटच्या स्टेशनात आत गेलात आणि तासाभराने तिथूनच बाहेर पडायला गेलात तर गेट अडवू शकतं, किंवा कार्डातून जास्तीचे पैसे कापले जातात. बऱ्याच शहरांत आत थांबायला वेळेची मर्यादा असते. दिवसभराचा पास काढा आणि दर स्टेशनावर अर्धा-पाऊण तास थांबून पुढे सरका. पासवरही तशी अट आहे का, ते घेतानाच वाचा.

लूपलाईन:
टोकाचं गणित लिहून घेतलं. अजून दोन शंका. गाडीच्या कपाळावरची एलईडी पाटी फोटोत अर्धवट येते, कधी पूर्ण कोरी. शटर १/१००० ठेवलं होतं, गाडी हलू नये म्हणून. आणि पुलावर जाळी असेल तर तो पूल सोडूनच द्यायचा का?

तिरपं ऊन:
पाटी कोरी येण्याचं कारण तेच १/१००० आहे. पाटीतले सगळे दिवे एकाच वेळी पेटत नाहीत, ओळीओळीने फार भराभर पेटतात-विझतात. डोळ्याला ते अखंड दिसतं, पण १/१००० सेकंदात एखाद-दोन ओळीच पेटलेल्या सापडतात. १/१२५ पर्यंत खाली या, बहुतेक पाट्या पूर्ण येतात. तरी तुटली तर १/१००.

आता गाडी हलण्याचा प्रश्न. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. १/१००० मध्ये गाडी २ सेंमी सरकते, १/१२५ मध्ये जवळजवळ १८ सेंमी, म्हणजे फोटो गेलाच. यावर दोन उपाय आहेत. पहिला, फलाटात शिरतानाची गाडी धरा. ३० किमीला १/१२५ मध्ये ती ७ सेंमीच सरकते. दुसरा, गाडी जवळजवळ समोरून घ्या. रुळांच्या रेषेशी तुमचा कोन १५ अंशांचा असेल तर आडवी सरक चौथ्या हिश्श्यावर येते, ७ चे २ सेंमीच्याही खाली. तुमच्या लेन्सच्या १०५ च्या टोकाला हे सहज जमतं. समोरून घ्यायचं म्हणजे रुळांजवळ जायचं नाही, लांबून झूम करायचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या फलाटावरून किंवा पुलावरून हा कोन मिळतो. पाटी नको असेल आणि गाडी वेगात असेल तर १/८०० ते १/१००० ठीकच.

इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगातली गाडी तिरकी झुकलेली येते आणि पाटीवर पट्टे उमटतात. मोबाईलला हे चुकवता येत नाही, म्हणून मोबाईलवर थांबलेली किंवा नुकती सुटलेली गाडीच घ्या. एक्स्पोजर आणि फोकस बोट दाबून लॉक करा, नाहीतर हेडलाईट फ्रेममध्ये आला की मोबाईल सगळं चित्र काळं करतो.

फोकस गाडीवर शोधत बसू नका. तारांचा एखादा खांब ठरवा, त्याच्या पायथ्याशी आधीच फोकस लावा आणि गाडीचं तोंड खांबाच्या थोडं अलीकडे आलं की तीन-चार फोटोंचा झपाटा लावा. उशीर झाला की खांब मोटरमनच्या काचेतून उगवतो. पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) पूर्ण यावा म्हणून वर जागा सोडा.

जाळी: भोकं लेन्सच्या तोंडापेक्षा थोडी लहान असली तरी चालतं. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडा, ७० च्या पुढे झूम करा, जाळी विरघळते. ते एफ ८ पर्यंत लहान केलं की राखाडी चौकटी दिसायला लागतात. मोबाईलची लेन्स छोटी, ती भोकातून थेट बघते, पण मोबाईल मनगटाला दोरीने बांधल्याशिवाय नको. काचेचा कठडा असेल तर लेन्सच्या तोंडावर बसणारं रबरी हूड काचेला टेकवा.

ओव्हरहेड:
पुलाबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती जिवावरची आहे. वरच्या तारांमध्ये बऱ्याच देशांत २५,००० व्होल्ट असतात, जर्मनी-स्वित्झर्लंडकडे १५,०००. स्पर्श झाला नाही तरी ठिणगी उडी मारते. पुलावर तार पायाखाली दीड-दोन मीटरवर असू शकते. सेल्फी स्टिक, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), छत्री, कठड्याबाहेर काढलेला हात, यातलं काहीही नको. हातातली कुठलीही वस्तू आणि तार यांच्यात तीन मीटर हवेतच. कठड्यावर चढून जाळीच्या वरून फोटो घेणं तर अजिबात नको, जाळी त्याचसाठी बसवलेली असते. बर्लिनची एस-बान (उपनगरी रेल्वे) किंवा दक्षिण इंग्लंडसारख्या मार्गांवर वर तार नसते, रुळाच्या कडेला ७५० व्होल्टचा तिसरा रूळ असतो. तार दिसत नाही म्हणून तो मार्ग निर्धोक समजू नका.

फाटकावर गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभे राहा. एक गाडी गेली आणि गेट अजून खालीच असेल तर दुसरी येते आहे, बहुधा उलट दिशेने.

नियम चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवर वाचा, इतरांच्या आठवणीवर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या सबवेत फोटोला मुभा आहे, पण दिवे, रिफ्लेक्टर आणि ट्रायपॉडला बंदी. ब्रिटनमध्ये रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल हौशी लोकांना सांगते की कर्मचाऱ्यांच्या चमकत्या जाकिटांच्या रंगाचे कपडे घालू नका, मोटरमनचा गोंधळ होतो. काही देशांत रेल्वेचे फोटो काढणं हाच गुन्हा धरतात, तिथे कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

स्टेशनात शिरलात की दिसेल त्या कर्मचाऱ्याला कॅमेरा दाखवून खुणेने विचारा. "मी गाड्यांचे फोटो काढतो, फ्लॅश वापरणार नाही" हे वाक्य तिथल्या भाषेत लिहून मोबाईलवर ठेवा. नाही म्हणाले तर वाद न घालता पुढच्या स्टेशनाला जा. निघताना नकाशावर एकाऐवजी तीन जागा खुणावून ठेवायच्या त्या यासाठीच.

लूपलाईन:
तीन जागा खुणावल्या: दोन फलाट, एक पूल. पुलावर ऊन दुपारी साडेतीननंतर पाठीशी येतं, तोवर फलाटांवर. पुलाचं स्ट्रीट व्ह्यू चार वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून तो शेवटी ठेवला.