सुनामी की त्सुनामी? मराठीत काय म्हणायचं?

समिधा_पु: पोराच्या पुस्तकात त्सुनामी, पेपरात सुनामी, तो विचारतोय बरोबर कुठलं. सासूबाई म्हणतात उधाण म्हणा की सरळ. चालेल का?

खाडीकाठचा: उधाण नाही हो ताई!! उधाण अमावस्या-पौर्णिमेला येतं, कालनिर्णय बघून सांगता येतं, सुनामीला चंद्राशी काय घेणंदेणं. शब्द जपानी, त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट. भर समुद्रात ती जेमतेम हात-दोन हात उंच असते, होडीखालून गेली तरी कळत नाही, पाणी उथळ झालं की मग उठते. उच्चाराचं म्हणाल तर चुन्यातला च म्हणा, झाली त्सुनामी, मराठी माणसाला अवघड काय त्यात :)

निशाचर: २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला, समुद्राचा तळ जवळजवळ १३०० किमी लांब फाटला. एका बाजूला तळ वर उचलला गेला, दुसऱ्या बाजूला खचला, आणि वरचं सगळं पाणी हललं. खोल पाण्यात वेग विमानाएवढा, ताशी ७००-८०० किमी. माझी मावशी तेव्हा चेन्नईत होती, सकाळी नऊच्या सुमारास खालच्या गल्लीत चपला, भाजीची टोपली आणि एक स्कूटर एकत्र वाहत चाललेली तिने गॅलरीतून बघितली, आणि तिला वाटलं पाइप फुटला. सुनामी हा शब्द तिने संध्याकाळी टीव्हीवर पहिल्यांदा ऐकला.

खाडीकाठचा: @निशाचर म्हणूनच सिमेउलुएचं सांगतो. सुमात्राजवळचं बेट, भूकंपाच्या अगदी शेजारी. १९०७ ला तिथे अशीच लाट येऊन खूप माणसं गेली, तेव्हापासून तिला तिथे स्मोंग म्हणतात आणि आज्या नातवंडांना सांगत आल्या की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचं. २००४ ला लोक स्मोंग स्मोंग ओरडत पळाले, ७८ हजारांच्या वस्तीत ७ जण गेले.

निशाचर: भारी. पण पाणी दरवेळी आधी मागे जातंच असं नाही हां. थायलंडच्या बाजूला आधी ओसरलं, आपल्या बाजूला आधी फुगवटाच आला.

समिधा_पु: बापरे. आपल्याकडे अरबी समुद्रात नाही ना येत?

खाडीकाठचा: १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळच्या, भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, माणसंही गेली. शब्द मात्र काही उरला नाही आपल्याकडे.

समिधा_पु: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, मग उधाण नको, पण चुन्यातला च मला जमतो.